'पेढाच हवा' आणि लग्नाचा केक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत समलिंगी लग्नाचे कायदे आणि धार्मिक सवलती यावर लेख होता तो वाचला. मी डोंबिवलीत घरून केक करते, अकरा वर्षं झाली, त्यामुळे लेखात दोन केकच्या केसेस दिसल्या आणि भांडी तशीच सोडून आधी तो वाचून काढला. लेखकांनी उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट आणि अमेरिकेतलं कोलोरॅडो एकाच वाक्यात गुंडाळलंय, दोन्हीकडे बेकर जिंकला म्हणजे धर्मासाठी गिऱ्हाईकाला नाही म्हणायचा हक्क मिळाला, असं. अहो असं नाहीये ते.

बेलफास्टला 2014 मध्ये एका गिऱ्हाईकाने अ‍ॅशर्स बेकरीत केक सांगितला, वर दोन बाहुल्यांचं चित्र आणि समलिंगी लग्नाला पाठिंबा द्या असा मजकूर. पैसे घेतले, मग काही दिवसांनी फोन करून नाही म्हणाले, आम्ही ख्रिश्चन आहोत, पैसे परत. 2018 च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने बेकरीच्या बाजूने निकाल दिला, पण कारण बघा, कोर्ट म्हणालं की यांचा आक्षेप माणसावर नव्हता, मजकुरावर होता, हाच मजकूर दुसऱ्या कुणीही मागितला असता तरी ते नाहीच म्हणाले असते.

कोलोरॅडोत 2012 ला दोन पुरुष आपल्या लग्नाच्या पार्टीसाठी केक घ्यायला गेले. केकवर काय लिहायचं, डिझाइन कुठलं, काहीच बोलणं झालं नव्हतं. मालक म्हणाला बर्थडे केक देतो, कुकीज देतो, समलिंगी लग्नाचा केक करत नाही. म्हणजे इथे मजकूर कुठे आला? हाच केक एखाद्या नवरा-नवरीने मागितला असता तर मिळाला असता ना! 2018 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात तो 7-2 ने जिंकला हे खरं, पण राज्याच्या नागरी हक्क आयोगाने त्याच्या धर्माबद्दल तुच्छतेने बोलून केस चालवली म्हणून, मूळ प्रश्न कोर्टाने तसाच ठेवला. मग समलिंगी लग्नाच्या साइट्स कराव्या लागू नयेत म्हणून कोर्टात गेलेली त्याच राज्यातली एक वेबसाइट डिझायनर 2023 ला 6-3 ने जिंकली, तिने तर लग्नाच्या साइट्स करायला अजून सुरुवातही केली नव्हती. तिथे मात्र मुद्दा मजकुराचाच होता, मनाविरुद्ध काही लिहायला सरकार भाग पाडू शकत नाही.

आता माझं सांगते. दोनेक वर्षांपूर्वी एका बाईंनी सुनेच्या डोहाळजेवणाला दीड किलोचा केक सांगितला, एगलेस, वर निळ्या क्रीमने लिहायचं 'पेढाच हवा'. पेढा-बर्फीचा खेळ आपल्याकडे असतोच, वाटी उचलायची, हसायचं, ठीक आहे, पण त्या 'च' वर माझी पायपिंग बॅग अडली. मला दोन मुलीच आहेत. मी म्हटलं ताई, केक करते, फुलं काढते, पाळणा काढते, हे लिहिणार नाही. जरा फुगल्या, मग 'डोहाळजेवणाच्या शुभेच्छा' वर तयार झाल्या, पुढे बारशाचा केकही माझ्याकडूनच नेला (बर्फी झाली!). मी शब्द नाकारले, बाईंना नाही. उद्या मी म्हटलं असतं की तुमच्या घरात मुलगाच हवा असा विचार चालतो म्हणून तुम्हाला साधा पाइनॅपलसुद्धा देणार नाही, तर ते वेगळंच झालं असतं.

मधलं काही असतं हे मान्य. दोन नवरदेवांचा टॉपर लाव म्हटलं तर तो मजकूर की नुसती सजावट? मी तर लावेन, तो गिऱ्हाईकच ऑनलाइन मागवून आणतं, मी फक्त टोचते. पण कुणाला ते खुपत असेल तर त्यावर वाद होऊ शकतो, मी काही वकील नाही.

गुरुजींना अशी लग्नं लावावीच लागतील असं म्हणून मात्र लेखकांनी उगाच घाबरवलंय. इंग्लंड-वेल्सचा 2013 चा कायदा कुठल्याही धर्मसंस्थेला किंवा धर्मगुरूला असं लग्न लावायची सक्ती करत नाही, चर्च ऑफ इंग्लंडला तर त्याने बाहेरच ठेवलंय. न्यूयॉर्कने 2011 ला कायदा केला त्यातही धर्मगुरूंना सूट होतीच. ती असावीच. मंगलाष्टकं म्हणायची की नाही हे गुरुजींनी ठरवावं, आपल्या ओळखीतले एक गुरुजी तर आंतरजातीयलाही येत नाहीत, लोक दुसरे बघतात.

पण गुरुजींची सूट ओढून ओढून सरकारी टेबलापर्यंत न्यायची हे कसलं? 2015 ला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात रोवन काउंटीच्या क्लार्क (म्हणजे लग्नाची लायसन्सं देणाऱ्या सरकारी अधिकारी) किम डेव्हिस यांनी समलिंगी लग्न माझ्या धर्मात बसत नाही म्हणून सगळ्यांनाच लायसन्सं देणं थांबवलं, कोर्टाचा आदेश मोडला म्हणून पाच दिवस जेलमध्ये होत्या, आणि त्या आत असताना त्यांच्याच डेप्युटींनी लायसन्सं दिली. काम होत होतं की! त्यांना नको होतं तर दुसऱ्याला करू द्यायचं, आख्खी खिडकीच बंद कशाला?

आपल्याकडे 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायची की नाही हे संसदेवर सोडलं, त्यामुळे सवलतींची चर्चा आपण लग्नाआधीच रुखवत मांडल्यासारखी करतोय. तरी करूच, पण नीट करू. ती सुनावणी मुळात 1954 च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टवर चालली होती, त्यात गुरुजी, मौलवी, पाद्री कुणीच लागत नाही, मॅरेज ऑफिसर आणि तीन साक्षीदार, झालं. तिथे धार्मिक सूट मागणार कोण, रजिस्ट्रार? त्यांनी त्या खुर्चीत बसून कुणाचं लग्न आपल्या धर्मात बसतं ते बघायला लागलं तर आंतरधर्मीय जोडप्यांचं काय होईल, त्यांना आधीच तीस दिवस नोटीस लावून बसावं लागतं.

लेखकांनी दोन्ही केसेस परत एकदा वेगवेगळ्या वाचाव्यात एवढंच, आणि जागा असेल तर दुरुस्ती छापावी.

आपली,
एक केकवाली, डोंबिवली पूर्व

ता.क. बेलफास्टचा तो केक साडेछत्तीस पौंडांचा होता आणि ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला चार वर्षं लागली. इतक्या पैशात मी फोटो प्रिंट, घरपोच डिलिव्हरी आणि वर मेणबत्त्या फ्री दिल्या असत्या, मजकुराचं बघून सांगते.