पीलच्या टेबलाजवळून, डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या स्किन क्लिनिकांत पीलच्या वेळी (पील म्हणजे सौम्य ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर सोलणं) डॉक्टरांच्या हाताशी असतो त्या आम्ही सगळ्या. तुम्ही शिकवलेलं रोज उपयोगी पडतं, म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यात मोठे आभार एका समजुतीसाठी. सावळ्या त्वचेवर पीलनंतर उमटणारा काळा डाग बहुतेक वेळा दाहाचा असतो. त्वचा चिडली की रंग बनवणाऱ्या पेशी जास्त मेलॅनिन ओततात, आणि त्वचेचा रंग आणि उन्हाचा परिणाम यांवरून सहा प्रकार करणाऱ्या फिट्झपॅट्रिकच्या मापातल्या चौथ्या-पाचव्या प्रकारात, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांत, या पेशी फार तापट. 'जळतंय म्हणजे काम होतंय' हे बोलणं आमच्याकडून कायमचं बंद झालं.

टेबलावर घेण्याआधी चेहऱ्यावर काय लावता ते विचारायचं, आणि 'साधीच क्रीम' या उत्तरावर न थांबता ट्यूब आणायला सांगायची, हेही तुमचंच. त्या ट्यूबवर बऱ्याचदा स्टिरॉइड निघतं, आणि अशा पातळ झालेल्या त्वचेवर पील म्हणजे आगीत तेल. आधी दोन ते चार आठवडे सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली तयारीची क्रीम. ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन ए जातीची क्रीम) पाच-सात दिवस आधी बंद. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच त्या आठवड्यात नाही.

डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलिन. स्पिरिटनं तेल पुसताना हात हलका, कारण जिथे जास्त घासलं तिथे ॲसिड जास्त खोल जातं आणि नंतर ठिपक्या-ठिपक्यांचा चेहरा दिसतो. ग्लायकोलिक ॲसिड पहिल्यांदा २० ते ३५ टक्के, एक-दोन मिनिटं, घड्याळ समोर ठेवून. शेजारी १०० मिली पाण्यात १० ग्रॅम खायच्या सोड्याचं द्रावण आधीच तयार, ॲसिड थांबवायला. सॅलिसिलिक ॲसिड २० ते ३० टक्क्यांचं असेल तर चेहरा पांढरा दिसतो, पण ते नुसते स्फटिक. पाण्यानं निघून जातात, सोडा लागत नाही. घाबरायचं ते ग्लायकोलिकच्या पांढरेपणाला: तिथे मिनिटाची वाट न बघता लगेच सोडा. (गरोदर बाई किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेलं माणूस असेल तर सॅलिसिलिकची बाटली उघडायचीच नाही.) मँडेलिक ॲसिडचा रेणू मोठा, तो हळू शिरतो, म्हणून भित्र्या त्वचेला आम्हाला तोच आवडतो.

पुस्तकातली 'लाली' आपल्या त्वचेवर चटकन दिसत नाही. ती करडी, जांभळट, कधी नुसती मळकट दिसते. म्हणून आता आम्ही डोळ्यांवर विसंबत नाही. जळजळ शून्य ते दहात किती, ते दर अर्ध्या मिनिटाला विचारतो.

नंतरचं घरचं काम तुम्ही किती सोपं करून दिलंत! सौम्य क्लिन्झर, साधं मॉइश्चरायझर, दोन बोटांभर सनस्क्रीन दर तीन तासांनी. मेलाज्माला (चेहऱ्यावरच्या तपकिरी डागांना) लोहाचा ऑक्साइड असलेलं टिंटेड, म्हणजे रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन बरं, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानंही हा डाग गडद होतो. पोपडे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सुटतात. ते ओढायचे नाहीत, उटणं नाही, लिंबू तर नाहीच. स्कूटीवर बांधायची ओढणी सुती असावी. नायलॉनची घासते आणि घाम साठवते. चार दिवसांनीही जळजळ किंवा गडदपणा राहिला तर फोन, मेडिकलवाल्याकडे नव्हे.

राहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवसांत ऊन भाजून काढतं आणि लग्नसराईमुळे सगळ्यांना 'आठ दिवसांत' उजळायचं असतं. आता आम्ही सरळ सांगतो, पील पावसाळ्यानंतर, तोवर सनस्क्रीन आणि तयारीची क्रीम. काही जणी रागावून जातात. दिवाळीच्या आधी त्यांच्यातल्या बऱ्याच परत येतात, आणि तेव्हा दोन पीलमध्ये निदान दोन आठवडे सोडायला त्या तयारही असतात.

आपल्या नम्र,
खान्देशातल्या पीलच्या टेबलाजवळच्या आम्ही