दोनशे मीटरच्या आतले नाशिक

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स. न. वि. वि.

वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा की नाही, या वादात दोन्ही बाजूंची मंडळी तो आज बेकायदेशीर आहे असे धरूनच बोलू लागतात. नाशिकच्या न्यायालयात अशी प्रकरणे चालवणारी वकील या नात्याने मला इतकेच निदर्शनास आणायचे आहे की, सज्ञान स्त्रीने स्वेच्छेने, एकटीने हा व्यवसाय करणे हा अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, 1956 नुसार मुळात गुन्हाच नाही. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वसतिगृहात ठेवलेल्या तीन तरुणींची मुक्तता करताना हेच स्पष्ट केले होते. गुन्हा ठरतात त्या तिच्या अवतीभवतीच्या गोष्टी.

कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीच्या जाचाला कंटाळून दोघीजणींनी भाड्याची खोली घेतली, तर व्याख्येतील ‘परस्परांच्या फायद्यासाठी’ या शब्दांमुळे ती खोली कुंटणखाना ठरते आणि त्या दोघी तो चालवणाऱ्या. आईच्या कमाईवर शिकणारा मुलगा अठरा वर्षांचा झाला की, अशा कमाईवर जगणाऱ्याला शिक्षा सांगणारे कलम 4 त्याच्यापर्यंत पोहोचू शकते. गिऱ्हाईकाला खुणावल्याबद्दल कलम 8 खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तोच गुन्हा पुरुषाने केला तर कमाल तीन महिने. हा फरक करण्यामागे कोणता विचार होता, ते मला आजवर उमगलेले नाही.

नाशिकपुरते बोलायचे तर कळीचे कलम सातवे आहे. सार्वजनिक प्रार्थनास्थळ, शिक्षणसंस्था, वसतिगृह, रुग्णालय यांपासून दोनशे मीटरच्या आत हा व्यवसाय केल्यास स्त्री आणि गिऱ्हाईक दोघेही दोषी ठरतात; अशा जागेतील कुंटणखाना कलम 18 खाली दंडाधिकाऱ्यांना बंद करता येतो आणि तेथील माणसांना सात दिवसांत बाहेर काढता येते. रामकुंडापासून भद्रकालीपर्यंत चालत गेल्यास देऊळ, मशीद, शाळा किंवा दवाखाना यांपैकी काहीही दोनशे मीटरच्या आत नाही, अशी गल्ली शोधून सापडायची नाही. म्हणजे जुने नाशिक जवळजवळ सगळेच निषिद्ध क्षेत्र आहे आणि कारवाई केव्हा करायची हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी शहराची डागडुजी सुरू असताना ही मर्जी कोणत्या दिशेने वळेल, याची धास्ती वस्तीतल्या बायकांना आहे.

माझ्या एका अशिलाची गोष्ट सांगते. छाप्यात तिची ‘सुटका’ झाली. तिचे वय चाळिशीच्या पुढे, कोणी पळवून आणलेली नाही, तसा जबाबही तिने दिला होता. सुरक्षागृहात मी भेटायला गेले तेव्हा खटल्याविषयी तिने चकार शब्द काढला नाही. त्या महिन्यात भिशीचा नंबर तिचा होता. पैसे घेऊन गावी घराचे पत्रे बदलायचे ठरले होते आणि भिशीवालीचा फोन नंबर मुद्देमालात जमा झालेल्या मोबाईलमध्ये होता. गिऱ्हाईक त्याच रात्री जबाब देऊन घरी गेले. कलम 17 प्रमाणे दंडाधिकारी अशा स्त्रीला एक ते तीन वर्षे सुरक्षागृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. आरोपीला निदान जामीन तरी मागता येतो.

यावर उपाय म्हणून परवाने द्या, असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. इंग्रजांनी 1868 च्या संसर्गजन्य रोग कायद्याने स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी करून पाहिली आणि 1888 मध्ये तो कायदा त्यांना मागे घ्यावा लागला. परवाना आला की तो देणारा, तपासणारा आणि अडवणारा आला. नाव नोंदवायला जी धजत नाही, ती पुन्हा बेकायदेशीर. न्यूझीलंडने 2003 मध्ये स्वीकारलेला, सज्ञान व्यक्तीला गुन्ह्याच्या कक्षेतून वगळण्याचा मार्ग मला अधिक पटतो. गिऱ्हाईकालाच गुन्हेगार ठरवणारा स्वीडनचा 1999 चा कायदा येथे पुष्कळांना आकर्षक वाटतो. पण गिऱ्हाईक लपले की बाईलाही त्याच्यामागे अंधारात जावे लागते, असे माझे मत आहे.

अल्पवयीन मुली आणल्या जातात, फसवून विकल्या जातात, हे मी नाकारत नाही. अशा मुलींच्या बाजूनेही मी उभी राहिले आहे. त्यासाठी भारतीय न्याय संहितेचे मानवी तस्करीविरुद्धचे कलम 143 आहे, बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा आहे, आणि त्यांत तसूभरही ढिलाई नको. मात्र दलाल आणि भिशी भरणारी बाई यांना एकाच पंचनाम्यात बसवल्याने दलालाचेच फावते, कारण पोलिसांना खबर देऊ शकणारी बाई स्वतःच पोलिसांना भिऊन असते.

हा कायदा केंद्राचा आहे याची मला जाणीव आहे. कुंटणखान्याची व्याख्या आणि कलम 4, 7 व 8 यांत दुरुस्ती सुचवणारा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे पाठवावा. सुरक्षागृहे मात्र आपल्याच विभागाच्या अखत्यारीत येतात. इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या सुटकेसाठी या गृहांचे सर्वेक्षण करावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी दिला आहे. नाशिक जिल्ह्यातील सर्वेक्षणाचा अहवाल जाहीर करावा. कलम 13 मध्ये सांगितलेले, विशेष पोलीस अधिकाऱ्याला सल्ला देणारे जास्तीत जास्त पाच समाजकार्यकर्त्यांचे मंडळ येथे नेमून त्यात वस्तीतल्या एका बाईला तरी घ्यावे. आणि सिंहस्थापूर्वी कलम 18 खाली कोणाला घराबाहेर काढायचे असल्यास ती जाणार कुठे, याचे उत्तर आधी लेखी घ्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
नाशिकमधील एक वकील