स्पीकरच्या तारेत तांबे किती?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सोयाबीन विकून झाले आणि कापसाची सीतादही, म्हणजे वेचणीची पूजा, आटोपली, की आमच्या आर्वी तालुक्यातल्या गावांत मोठ्या वस्तूंची खरेदी सुरू होते. फ्रीज, कूलर, दुचाकी यांच्या जोडीला अलीकडे बैठकीच्या खोलीत पाच स्पीकर आणि एक सबवूफर मांडून सराउंड साउंड करण्याची हौसही आली आहे, आणि तिला नावे ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही. टीव्ही किती इंची घ्यावा, ॲम्प्लिफायर किती वॅटचा असावा, यावर घराघरांत आठ-आठ दिवस खल चालतो. मात्र या सगळ्या वस्तूंना जोडणारी तार दुकानदार शेवटी रिळावरून हाताने मापतो, वेटोळे करून पिशवीत टाकतो, आणि घेणारा तिच्याकडे पाहतही नाही. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तारतंत्री (वायरमन) व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो. निवृत्त झालो तरी तार दिसली की तिचे टोक सोलून पाहण्याची खोड गेलेली नाही, म्हणून हे पत्र.

निमित्त घरचेच आहे. माझ्या भाच्याने मागच्या दिवाळीत अशी यंत्रणा घेतली आणि मे महिन्यात त्याचा फोन आला, “मामाजी, मागचा उजवा स्पीकर गेला वाटते.” जाऊन पाहिले तर स्पीकर ठणठणीत होता. खिडकीतल्या कूलरच्या खालून त्याची तार गेलेली होती आणि वाळ्याच्या ताटीतून झिरपणारे पाणी दोन महिने तिच्या जोडावर ठिबकत होते. स्क्रू सैल करून तार ओढली, तर ती पेचातच तुटली आणि टोकाशी पिठासारखी पांढरी भुकटी दिसली. तांबे ओलाव्याने खराब झाले तर काळे पडते, हिरवे पडते. पांढरी भुकटी धरते ते ॲल्युमिनियम. म्हणून आतली केसाएवढी एक तार बोटावर धरून ब्लेडने हलकेच खरवडली, तेव्हा तांबूस रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि आतून चांदीसारखा पांढरा धातू दिसला. दुकानात हीच तार “प्युअर कॉपर” म्हणून दिलेली होती. पावतीवर मात्र ‘स्पीकर वायर, १ नग’ एवढाच मजकूर होता, त्यामुळे दुकानदाराशी वाद घालायला हातात कागद नव्हता.

अशा तारेत गाभा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यावर तांब्याचे पातळ आवरण चढवलेले असते. हा प्रकार मुळात बनावट नाही. वजन हलके हवे असते तेथे तो उघडपणे, नाव सांगून वापरला जातो. गैर आहे ते तांब्याच्या नावाने त्याची विक्री करणे. त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा हिचा विद्युत रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सुमारे दीडपट असतो. दोन-चारदा वाकवली की ती तुटते आणि स्क्रूखाली दाबली की काही महिन्यांत जोड सैल पडतो. ओळखायला ब्लेड पुरेसे आहे, आणि ब्लेड नसेल तर वजन पाहावे, कारण तेवढ्याच आकाराचे तांबे हातात सुमारे अडीचपट जड लागते.

आता ही तार एवढी का महत्त्वाची, असे कोणी विचारील. शेतकरी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरजच नाही. डीपीजवळच्या (रोहित्राजवळच्या) खांबावरची मोटार बटण दाबताच उचलते आणि त्याच लाइनीवरची शेवटच्या खांबावरची मोटार नुसती गुरगुरत राहते, हे त्याने आयुष्यभर पाहिले आहे. लांब आणि बारीक तारेत विजेचा दाब वाटेतच खर्ची पडतो, तसेच स्पीकरचे आहे. किंबहुना येथे थोडे अधिकच, कारण स्पीकरचा स्वतःचा रोध जेमतेम ४, ६ किंवा ८ ओहम (रोध मोजण्याचे एकक) असतो आणि त्याच्यापुढे तारेचा एक ओहमही मोठा ठरतो. देवळाच्या कळसावरचा काकड आरतीचा भोंगा पाऊणशे मीटर बारीक तारेवर खणखणीत वाजतो, हा आक्षेप मला वर्गात दरवर्षी ऐकावा लागे. तेथे बहुधा १०० व्होल्टची लाइन वापरलेली असते आणि भोंग्यापाशी लहान ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. दाब वाढवला की प्रवाह कमी लागतो आणि बारीक तार चालून जाते. शेतावर उच्चदाब वाहिनी नेतात ती याच हिशेबाने. घरच्या ॲम्प्लिफायरला ही सोय नसते.

भाच्याच्या खोलीचाच हिशेब मांडतो. ॲम्प्लिफायरपासून मागच्या उजव्या स्पीकरचे अंतर सरळ मोजले तर पावले आठच भरतात, पण तार भिंतीच्या कडेने, दाराची चौकट वळसा घालून जाते, म्हणून ती १२ मीटर लागली. प्रवाह जातो आणि परत येतो, तेव्हा धातूची लांबी २४ मीटर झाली. जुने मिस्त्री जिला ‘चौदा-छत्तीस’ म्हणतात, म्हणजे ३६ गेजच्या १४ बारीक तारांची, तशी ती होती आणि तिचा छेद, म्हणजे आडव्या कापलेल्या धातूचे क्षेत्रफळ, सुमारे ०.४१ चौरस मिलिमीटर भरतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याचा रोध मीटरला सुमारे ०.०१७२ ओहम असतो. त्यावरून अस्सल तांब्याची असती तरी या तारेचा रोध १ ओहम आला असता. ती तांब्याची नव्हती, म्हणून दीड धरू. स्पीकर ६ ओहमचा. साडेसात ओहमांपैकी दीड तारेतच गेले, म्हणजे स्पीकरपाशी दाब आणि प्रवाह दोन्ही ८० टक्क्यांवर आले, आणि बिनरोधाच्या तारेवर स्पीकरला जेवढी शक्ती मिळाली असती, तिच्यातली ६४ टक्केच त्याच्यापर्यंत पोचली. तेथेच १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असती तर तिचा रोध ०.२७ ते ०.२८ ओहम भरला असता आणि ९१ टक्के शक्ती पोचली असती.

प्रामाणिकपणे सांगायचे तर कमी झालेली शक्ती म्हणजे कानाला सुमारे २ डेसिबलचा फरक, आणि आवाजाचे बटण थोडे फिरवले किंवा मागच्या स्पीकरची पातळी रिमोटवरून वाढवली तर तेवढी भरपाई होऊनही जाते. मग बिघडते काय? स्पीकरवर ‘६ ओहम’ लिहिलेले असले तरी तो आकडा ढोबळ असतो. स्वर जसा खाली-वर जातो तसा स्पीकरचा रोध बदलत राहतो, एका स्वराला ४ ओहम तर दुसऱ्याला २० असेही होते. तारेचा रोध मात्र तोच राहतो. त्यामुळे जेथे स्पीकरचा रोध कमी, तेथे तार जास्त खाते आणि जेथे जास्त, तेथे कमी. म्हणजे आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा तोल बदलतो. शिवाय स्पीकरचा पडदा हलायचा थांबवणे हेही ॲम्प्लिफायरचे काम असते. मध्ये मोठा रोध आला की ती पकड सुटते आणि ढोलकीची थाप घट्ट न लागता ओघळल्यासारखी लागते. यासाठी तारेचा एकूण रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांहून जास्त नसावा, असा एक जुना आणि उपयोगी दंडक आहे. ६ ओहमला ०.३ ओहम ही मर्यादा झाली. वरच्या उदाहरणात दीड चौरस मिलिमीटरची तार या मर्यादेत बसते खरी, पण तो रोध २० अंश तापमानाचा आहे, आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तीच तार नेमकी ०.३० वर येऊन टेकते. म्हणून पुढच्या तीन स्पीकरांच्या ४-५ मीटरला दीडची आणि मागच्या लांब पल्ल्याला अडीचची, असा माझा सल्ला असतो. एकाच खोक्यात मिळणाऱ्या तयार संचांचे स्पीकर पुष्कळदा ३ किंवा ४ ओहमचे असतात; तेथे तर मागे अडीचच्या खाली येऊ नये.

याच्या उलट टोकाची फसवणूक शहरातल्या दालनांत होते, आणि तिला बळी पडणारे बहुधा शिकलेले लोक असतात. सोनेरी टोके, जाळीचे जाडजूड वेष्टण, प्रवाहाची दिशा दाखवणारे बाण, आणि मीटरला असा भाव की तेवढ्यात एक स्पीकर यावा. स्पीकरकडे जाणारा प्रवाह क्षणात शेकडो वेळा दिशा बदलतो, त्याला बाण दाखवून काय साधते हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही. ‘ऑक्सिजनमुक्त तांबे’ ही थाप नाही, तसे तांबे असते. पण वीजतारांच्या नेहमीच्या तांब्याहून ते वीज वाहण्यात फार तर एक टक्क्याने सरस असते. तार हातभर कमी लागली तरी याहून जास्त फायदा होतो. पाचही स्पीकरांच्या तारा सारख्याच लांबीच्या हव्यात, हाही असाच गैरसमज आहे. आवाजाला हवेतून ५ मीटर जायला सुमारे १५ मिलिसेकंद लागतात, तारेतला विद्युत संकेत तेवढे अंतर सेकंदाच्या एका कोट्यंशाहूनही कमी वेळात कापतो, आणि जास्तीची तार पुढच्या स्पीकरमागे वेटोळे करून ठेवल्याने रोध तेवढा वाढतो.

मग घ्यावी कोणती? माझे उत्तर ऐकून भाच्याचा चेहरा पडला होता. घराच्या वायरिंगसाठी विजेच्या दुकानात मिळणारी, आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ हा क्रमांक छापलेली, तांब्याच्या बारीक तारांची लाल आणि काळी वायर घ्यावी आणि दोन्हींना हलका पीळ द्यावा. ९० मीटरची गुंडाळी घ्यायची नसेल तर दुकानदार मीटरवरही देतात. घरगुती वायरिंगच्या तारेला ते चिन्ह बंधनकारक आहे, म्हणून छेद आणि धातू यांची काही हमी तरी मिळते. स्पीकर वायर म्हणून विकल्या जाणाऱ्या, मी पाहिलेल्या बहुतेक रिळांवर ना धातूचे नाव होते, ना छेदाचा आकडा. एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. ही वायर दिसायला विजेच्या वायरसारखीच असल्याने दोन्ही टोकांना ‘स्पीकर’ अशी चिठ्ठी चिकटवावी, तिला कधीही प्लग जोडू नये आणि २३० व्होल्टच्या तारांच्या पाइपातून तिला नेऊ नये. तिच्यासाठी वेगळी केसिंग पट्टी मारावी. शेजारच्या खोलीत तुरीची पोती रचलेली असतात अशा घरात ती पट्टी उंदरांपासूनही वाचवते. सबवूफरला स्वतःचा ॲम्प्लिफायर असेल तर त्याला ही तार लागतच नाही, त्याची जाळीदार वेष्टणाची वेगळी केबल असते.

जोडणीत दोन चुका नेहमीच्या आहेत. टोक सोलताना एखादी बारीक तार बाहेर राहते आणि शेजारच्या पेचाला टेकते. मग ॲम्प्लिफायर आवाज वाढवताच बंद पडतो आणि दोष कंपनीला जातो. दुसरी चूक अधिक छुपी आहे. एका स्पीकरचे लाल-काळे उलटे लागले तर काहीच बंद पडत नाही, फक्त दोन पडदे एकमेकांच्या विरुद्ध हलतात आणि खालचे स्वर एकमेकांना खातात. भाच्याकडे समोरचा डावा स्पीकर असाच लागलेला निघाला. खंजिरी भजनाचे ध्वनिमुद्रण लावले तर गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधून यायच्या ऐवजी सगळ्या खोलीत पांगल्यासारखा येई. तारेच्या दोन्ही टोकांबद्दल शंका असेल तर ॲम्प्लिफायरकडची बाजू सोडवून तिला भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक लाल तारेला असताना पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर आहे.

भाच्याकडची सगळी तार आम्ही एका दुपारी बदलली. या पत्राद्वारे व्यापारी बंधूंना माझी एवढीच विनंती आहे, की स्पीकरची तार विकताना पावतीवर धातूचे नाव आणि चौरस मिलिमीटरमधला छेद लिहून द्यावा. गिऱ्हाइकानेही तो लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तांबे लिहून ॲल्युमिनियम दिले असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते; पण पावतीवर नुसते ‘१ नग’ असेल तर तक्रार कशाच्या आधारे करणार? आपल्या दैनिकाच्या दिवाळीपूर्वीच्या खरेदी पुरवणीत टीव्ही आणि ॲम्प्लिफायरच्या माहितीशेजारी तारेलाही चार ओळींची जागा मिळावी, अशी आपल्याला विनंती आहे. काढलेल्या तारेचा हातभर तुकडा या पत्रासोबत पाठवत आहे. ब्लेड तेवढे कार्यालयातले घ्यावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक
ता. आर्वी, जि. वर्धा