खादी भांडाराच्या दारातली पाटी कुठे आहे? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

हे पत्र डाव्या हाताने टाइप करतो आहे, चुका पदरात घ्याव्यात. गेल्या महिन्यात मुंबईत फोर्टातल्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या कमानींखालून खादी भांडाराकडे जाताना उखडलेल्या फरशीत पाय अडकला आणि उजवं मनगट मोडलं. दोन वर्षांपूर्वी आपल्या खात्याच्या अधिकाऱ्यांनी आम्हा सहा जणांना शब्द दिला होता : सहा महिन्यांत इथली फरशी बसेल आणि भांडाराच्या दारात इमारतीच्या इतिहासाची पाटी लागेल. आपणही त्या बैठकीत पाच मिनिटं डोकावून ‘होऊन जाईल’ म्हणाला होतात.

आपल्याला ही वास्तू कुणी नीट सांगितली नसावी, म्हणून मी सांगतो. रॉबर्ट लेडलॉ या स्कॉटिश गृहस्थाने १८८२ साली कोलकात्यात व्हाइटअवे लेडलॉ ही कंपनी काढली. लाहोर, सिमला, मद्रास, कोलंबो, सिंगापूर, शांघाय, सगळीकडे तिची दुकानं. मुंबईतलं दुकान याच इमारतीत होतं, या रस्त्याला तेव्हा हॉर्नबी रोड म्हणत. साहेबाला लागणारं सगळं एका छपराखाली मिळायचं, पण उधारी नाही. त्यावरून गिऱ्हाइकांनी दुकानाचं नावच ‘राइट अवे अँड पेड फॉर’, म्हणजे ‘लगेच घ्या आणि रोख मोजा’, करून टाकलं होतं.

आता याच शहरातल्या दोन तारखा बघा. ३१ जुलै १९२१, परळला विदेशी कापडाची होळी. १२ डिसेंबर १९३०, काळबादेवीत विदेशी कापडाच्या लॉरीपुढे बाबू गेनू आडवा झाला आणि चिरडला गेला. गिरणी कामगार, ऐन विशीतला पोरगा. काळबादेवी इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि ज्या दुकानात विलायती माल विकला गेला, तिथेच पुढे खादीचे तागे येऊन बसले! एवढा मोठा विजय या शहरात दुसऱ्या कुठल्या दुकानाच्या नावावर आहे?

माझे वडील फोर्टात कारकून होते. गांधी जयंतीचं रिबेट, म्हणजे खादीवरची सूट, लागलं की आम्हा भावंडांना घेऊन यायचे. लाकडी काउंटरवर ताग्याची थप्पी पडायची, खळीचा वास सुटायचा. काउंटरवरचे काका पट्टीने कापड मोजायचे, कात्रीने नखाएवढा छेद द्यायचे आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचे. तो आवाज अजून कानात आहे. मग चिठ्ठी घ्या, एका खिडकीवर पैसे भरा, शिक्का मारून दुसऱ्या खिडकीवर माल घ्या. वडील गेले तेव्हा कपाटात तिथल्याच कापडाचे चार सदरे होते. त्यातलाच एक मी त्या दिवशी घातला होता. दवाखान्यात त्याची बाही कापावी लागली. आज सदऱ्याचं बटणही बायको लावते. बिल ३८,४०० रुपये झालं आणि माझं पेन्शन किती, ते विचारूच नका.

२०२२ मध्ये खादी आयोगाने भांडार चालवणाऱ्या संस्थेचं खादीचं प्रमाणपत्र काढून घेतलं. त्या वादात मला शिरायचं नाही. पण संस्था येतील-जातील, वास्तूची आठवण कुणी सांभाळायची? आम्ही १४ फेऱ्या मारल्या. एका टेबलावर म्हणतात जागा आमची नाही, दुसऱ्यावर म्हणतात रस्ता आमचा नाही, तिसऱ्यावर फाइल सापडत नाही. मागच्या आठवड्यात लेखी उत्तर आलं : ‘सदर विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.’ मग दोन वर्षांपूर्वी शब्द कुठल्या कक्षेतून दिला होतात?

या रस्त्यावर इमारत बांधणाऱ्याने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा मार्ग सोडावा, हा नियम १८९६ चा आहे. परक्या सरकारला पायी चालणाऱ्याचं ऊन-पाऊस सुचलं होतं. आणि आपलं सरकार? तुमच्या गाड्या रस्त्यावरून जातात साहेब, कमानींखालून आम्ही जातो. मुंबईने १९९५ मध्ये देशात सर्वात आधी वारसा नियमावली केली म्हणून भाषणं ठोकता. फलकांवर स्वतःचे हसरे फोटो लावायला कोट्यवधी निघतात आणि चार ओळींच्या पाटीला निधी नाही? कोलकात्यात याच कंपनीच्या चौरंगीवरच्या इमारतीची डागडुजी झाली, ती दिमाखात उभी आहे. आम्ही काय पाप केलं?

मागणं दोनच आहेत : फरशी आणि पाटी. पाटीवर व्हाइटअवे लेडलॉ, खादी भांडार आणि बाबू गेनू ही तिन्ही नावं असावीत, आणि ती मराठीत असावी. मजकूर मी लिहून देतो, पैसे घेणार नाही.

माझं प्लास्टर १८ तारखेला निघतंय. १९ ला सकाळी ११ वाजता मी त्या उखडलेल्या फरशीपाशी उभा असेन. तुम्ही स्वतः या, नाहीतर ज्याच्या कक्षेत हे येतं, त्याला पाठवा.

आपला,
फोर्टातल्या एका कारकुनाचा मुलगा