साडेचार सुताचा नट

सैलदादा,

हे नाव तू पहिल्यांदाच ऐकत असशील, पण आमच्या घरी तुला दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी ओळखतच नाही. लेकीने ठेवलंय. "बाबा घट्ट करतात, दादा सैल करतो," असं तिने आजीला समजावून सांगितलं आणि तेव्हापासून दर गुरुवारी 'सैलदादाकडे स्केटबोर्डला कधी निघायचं' हा धोशा सुरू होतो. तुझे समोर आभार मानायला गेलो की तू "काका, चहा सांगू?" म्हणत सटकतोस. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. इथून सटकता येणार नाही.

आधी माझा गुन्हा सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांना तू काय निस्तरलंस ते कळेल. मी भोसरीत मेंटेनन्सला आहे, बावीस वर्षं झाली. एखादी वस्तू हलली की ती आवळायची, फिरली की तिला ग्रीस भरायचं, हा आमचा धर्म. लेकीला नववं लागलं तेव्हा मामाने ऑनलाइन मागवून तिला स्केटबोर्ड भेट दिला. लालभडक, खाली कवटीचं चित्र. ती वर उभी राहिली आणि तो डावी-उजवीकडे डुगडुगला. झालं, माझा हात पान्याकडे गेला. ट्रकच्या (फळीखालचा, चाकं धरणारा धातूचा सांगाडा) मधल्या त्या मोठ्या नटाला 14 चा पाना बसेना आणि 15 चा घसरायला लागला. तेव्हा ओळखलं, हे काम इंची आहे. कंपनीतल्या मित्राकडून जुना इंची सेट आणला, नऊ-सोळांश इंच म्हणजे साडेचार सुताचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पाना लावला आणि वॉशर रबरात रुतेपर्यंत नट आवळला. मग चाकं काढली, बेअरिंगमध्ये बोटबोटभर ग्रीस कोंबलं आणि एक्सलचे नटही करकचून पिळले. वर कळस म्हणजे फळीवरच्या खरखरीत ग्रिप टेपवर पांढऱ्या मार्करने 'डावा' आणि 'उजवा' लिहून पावलांच्या जागा आखून दिल्या.

काम इतकं पक्कं झालं होतं की बोर्ड जागचा हलेना. सरळ जायचा, तोही रडतखडत. वळायचं म्हटलं की पोरगी एका बाजूला झुकायची, बोर्ड आपला सरळच, आणि ती फरशीवर. दोन महिने हे चाललं. मग एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मला नाही जमत," आणि बोर्ड चपलांच्या रॅकमागे गेला. मीसुद्धा मनात म्हटलं, नसेल तिचा पिंड.

मग एका गुरुवारी आम्ही उड्डाणपुलाखाली आलो ते खरं तर तिथल्या भाजीवाल्याकडे. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते.) तू आणि तुझी चार-पाच पोरं त्या गुळगुळीत कोब्यावर खडखडाट करत होतात. लेक तिथेच थबकली. तू विचारलंस, "करतेस?" ती म्हणाली, "करायचे." ते 'करायचे' ऐकून तू थांबलास. मी पुढच्या गुरुवारी बोर्ड घेऊन आलो, तुला अहो-जाहो केलं, तू कानाला हात लावलेस.

मला वाटलं होतं, तू आधी बोर्ड बघशील. तू तिला बूट काढायला लावलेस. "मोज्यांवर पळत ये आणि इथे घसर." ती तीनदा घसरली आणि तिन्ही वेळा उजवा पाय पुढे. तू हसलास, "काका, ही गूफी आहे." मला तो टोमणा वाटला. मग कळलं की डावा पाय पुढे ठेवणारे रेग्युलर, उजवा ठेवणारे गूफी, आणि माणूस उजव्या हाताने जेवतो की डाव्या, यावरून ते ठरत नाही. म्हणजे माझे मार्करचे शब्द दोन महिने उलटे होते. लेकीने तिथल्या तिथे माझ्याकडे असं पाहिलं की बस.

मग तू तिचं वजन विचारलंस. 26 किलो. पाऊल वितीने मोजलंस, साधारण 20 सेंटीमीटर. डेक, म्हणजे वरची फळी, 8 इंच रुंद, म्हणजे 20 सेंटीमीटरहून थोडा जास्तच. तू तिचं पाऊल आडवं ठेवून दाखवलंस: टाच आणि बोटं दोन्ही फळीच्या आत बुडाली होती. "कडेला दाब द्यायला बोटं कडेपर्यंत पोचायला तरी हवीत ना?" मी बावीस वर्षं तरफा बघतोय, आणि हे मला दिसलं नव्हतं.

तरीही तू नवा बोर्ड घ्या म्हणाला नाहीस. मी पाकीट काढलं होतं, तू ते खिशात परत ठेवायला लावलंस. "आधी महिनाभर हाच. मोठी फळी सुधरता येते, घट्ट ट्रक कुणाला शिकवत नाही."

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. तू वर्तमानपत्र पसरलंस आणि किंगपिनचा, म्हणजे ट्रकच्या मधल्या बोल्टचा, नट सोडवून एकेक वस्तू ओळीने मांडलीस: नट, वॉशर, वरचं शंकूच्या आकाराचं बुशिंग (झुकल्यावर दबणारं रबरासारखं कडं), हँगर (एक्सल धरणारा भाग), खालचं पिंपासारखं बुशिंग, पुन्हा वॉशर. मी म्हटलं, रबर कडक झालंय. तू म्हणालास, रबर नाही, युरेथेन, आणि ते मुळातच कडक आहे. ट्रकसोबत येणारी बुशिंग साधारण 90A च्या आसपासची (हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं कडक), मोठ्या माणसाच्या वजनासाठी. 26 किलोची पोरगी त्यावर झुकली तर बुशिंगला पत्ताही लागत नाही. मी विचारलं, मग नट आणखी सोडला तर? तेव्हा तू नटाच्या तोंडातली नायलॉनची कडी दाखवलीस. नायलॉक नट, मी रोज हाताळतो. बोल्टचे आटे त्या नायलॉनच्या पार जायलाच हवेत, नाहीतर चालता चालता नट गळून पडेल. म्हणजे नट सोडायला एक हद्द आहे आणि त्या हद्दीच्या आत ती वळूच शकत नव्हती. सैल करायचं म्हणजे पाना फिरवायचा नाही, आतलं बुशिंग बदलायचं. हे सुटं करून दाखवेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

तू तुझ्या डब्यातून वापरलेली 81A ची जोडी काढलीस, पिवळट, एका बाजूला जरा चेपलेली. ती बसवलीस आणि भाजीवाल्याकडून एक गोणपाट मागून आणलंस. बोर्ड त्यावर ठेवला, म्हणजे चाकं पळणार नाहीत. "आता नुसती उभी राहा. पायाची बोटं दाब. आता टाच." फळी तिच्याकडे कलली. मग दुसरीकडे. ती काही बोलली नाही, नुसती डोलत राहिली, पंधरा-वीस वेळा. भाजीवाला गिऱ्हाईक सोडून बघत होता.

बेअरिंगचा विषय निघाला तेव्हा मी थोडा ताठलो, कारण तो माझा प्रांत. 608 नंबर, 8 मिलिमीटर भोक, 22 बाहेरून, 7 जाडी. अर्ध्या झोपेत सांगेन. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापतात त्या ABEC नंबरवर आपलं एकमत झालं: तो घडणीतल्या अचूकतेचा आकडा, बोर्ड किती पळेल याचा नव्हे. पण माझ्या ग्रीसवर तू शब्दही न बोलता चाक फिरवून दाखवलंस. एक फेरा, आणि ठप्प. तू एक्सलच्याच टोकावर चाक तिरकं अडकवून बेअरिंग उचकटलीस, टाचणीने वरची चकती काढलीस, आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये धुतलीस. वाळल्यावर शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब. कारखान्यात बेअरिंग दिवसदिवसभर लोड घेते, तिला ग्रीस लागतं. इथे पोरीच्या एका ढकलीवर चाक पळायचं असतं, तिथे घट्ट ग्रीस म्हणजे चिखल. एक्सलचा नट पूर्ण आवळून मग पाव फेरा मागे, चाक बोटाने हलवल्यावर किंचित खडखड यायला हवी. मला ती खडखड आजही सहन होत नाही. पण हात मागे ठेवतो.

चाकांचं बोलताना मी तुला आमची बेअरिंगची गाडी सांगितली होती, आठवतं? गॅरेजमधून मागून आणलेल्या जुन्या बेअरिंग, एक फळी, पुढे दोरी, आणि उतारावर आख्ख्या आळीची झोपमोड. तू म्हणालास, काका, स्केटबोर्डही आधी असाच होता. लोखंडी चाकं, मग मातीच्या मिश्रणाची, बारीक खडा आला तरी जागेवर थांबणारी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीने कॅलिफोर्नियात युरेथेनची चाकं आणली आणि मग ती रस्ता धरून पळायला लागली. लेकीच्या बोर्डाची चाकं कडक प्लास्टिकची होती. आमच्या सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक, त्यावर तिचे दात वाजायचे. तू 56 मिलिमीटरची 78A ची मऊ चाकं सुचवलीस. पार्कात युक्त्या करायला लागली की 52 ते 54 ची, 99A ची कडक घेऊ म्हणालास. ती चाकं लावली त्या दिवशी आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी पहिल्यांदा खिडकी उघडी ठेवली.

आता दुसरा गुन्हा. हा मी तुला अर्धाच सांगितला होता. तुझं बघून मलाही सैल करायचा चस्का लागला. एका रात्री, ती झोपल्यावर, मी दोन्ही नट आणखी एकेक फेरा मागे घेतले. सकाळी ती मोठं वळण घ्यायला गेली, फळी पार कलली, चाक फळीला टेकलं आणि जागच्या जागी थांबलं. बोर्ड थांबला, पोरगी नाही. कोपर सोललं, बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तू बोर्ड उलटा केलास. कवटीच्या डोळ्याजवळ काळा गोल ओरखडा होता. "काका, चाकाने सही केलीय बघा." व्हील बाइट. मोठं चाक, मऊ बुशिंग आणि सैल नट, तिन्ही एकत्र आले की हे होणारच. एक बदललं की दुसरं तपासायचं. तू ट्रक आणि फळीच्या मध्ये एक सुताचा रायझर, म्हणजे उंची वाढवणारी चकती, टाकलास, त्यासाठी एक इंची बोल्टांच्या जागी सव्वा इंची आठ बोल्ट, आणि नट मी सोडण्याआधीच्या जागी. मला रागावला नाहीस. रागावला असतास तर बरं वाटलं असतं.

एक तक्रार मात्र करणारच. तिला हेल्मेट आणि कोपराचे पॅड घातल्याशिवाय तू फळीवर पाय ठेवू देत नाहीस. तू स्वतः मात्र उघड्या डोक्याने पायऱ्यांवरून उड्या मारतोस. हे मला पटत नाही. तुझ्या आईला पटत असेल असंही वाटत नाही.

माझ्या आईचं म्हणशील तर ती 'हा काय खेळ झाला?' वरून बरीच पुढे आलीय. 2022 ला गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगमध्ये सुवर्ण जिंकलं, हे तू सांगितलंस तेव्हा तिने पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये मोमिजी निशिया तेराव्या वर्षी सुवर्णपदक घेऊन गेली, हे सांगायला नको होतंस. लेक लगेच बोटं मोजायला लागली. "म्हणजे माझ्याकडे चार वर्षं आहेत." गणिताला एवढी बोटं कधी उघडत नाही.

महिना संपला, दोन संपले, आणि दिवाळीत तू स्वतःहून म्हणालास, आता घ्या. सात थरांचा मॅपलचा डेक, साडेसात इंची. घरी आल्यावर आईने विचारलं, "केवढा आणलास?" मी म्हटलं, साडेसात. "अगं बाई, दिवाळीत साडेसाती घरात आणलीस!" तिने मारुतीला तेल वाहिलं, त्यातलं थोडं बेअरिंगला चालेल का, असं लेकीने विचारलं. जुने ट्रक 8 इंचाचे, नव्या फळीच्या दोन्ही कडांनी दोन-दोन सूत बाहेर येत होते. मी म्हटलं, चालतंय की. तू म्हणालास, ढकलताना पाय अडकेल. मग उंची वाढलेल्या तुझ्या एका विद्यार्थ्याचे लहान ट्रक आणून दिलेस आणि त्याच्या बदल्यात आमचे मोठे त्याला. पैशांचा विषय काढला तर पुन्हा तो चहा.

ती आता वळते. खांबाला वळसा घालून परत येते, कधीकधी माझ्याकडे न बघता. रॅकमागे आता छत्र्या असतात. जुनी लाल फळी मी फेकली नाही. 'डावा' आणि 'उजवा' अजून तिच्यावर शाबूत आहेत, उलटे. ती गच्चीच्या दाराआड उभी आहे.

आणि हो, तुझा तो टी-आकाराचा पाना, साडेचार, चार आणि तीन सूत तिन्ही एकात असलेला, गेल्या गुरुवारी माझ्या खिशातून घरी आला. चोरलेला नाही, सवयीने आला. त्याचं चार सुताचं तोंड जरा घसरत होतं, ते कंपनीत नीट करून घेतलंय. येत्या गुरुवारी आणतो. चहा मी सांगेन.

तुझा,
घट्टबाबा
(हे नावही तिनेच ठेवलंय)