विसापूरची कबुली

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी दिवसभर फोन उचलला नाही आणि रात्री ‘झोपलो होतो’ म्हणालो, ती थाप होती. विसापूर किल्ल्यावर गेलो होतो. फोनवर सांगितलं असतं तर आई, तू पुढचं बोलूच दिलं नसतंस, म्हणून पत्र. आधीच सांगतो, हाडं जागच्या जागी आहेत.

ऑफिसातले तिघं आणि मी, सकाळच्या लोकलने मळवलीला उतरलो. एक्स्प्रेस-वे ओलांडला, भाजे गावात चहा घेतला. लेण्यांकडे नुसती मान वळवून पाहिलं. (बाबा, रागावू नका, परत जाईन.) तुम्ही मला नेलंत तेव्हा मी सहावीत होतो आणि मार्चची कोरडी वाट होती. जुलैत तीच वाट ओळखू येत नाही. पाय घोट्यापर्यंत आत जातो, पचकन बाहेर येतो, आणि बूट आतच राहिला की काय म्हणून खाली बघावं लागतं.

तर बूट. माळ्यावरचे तुमचेच घातले होते, बाबा. दिसायला धडधाकट, पण चार वर्षं पडून त्यांचा डिंक वाळून गेलेला. ओढ्यापाशी उजव्याचा तळ सुटला आणि बूट बेडकासारखा आ वासून बसला. पोरं हसून हसून दगडावर बसली. मग सॅकच्या तळाशी, क्रोसिनच्या पाकिटाला गुंडाळलेली परकराची नाडी सापडली. आई, तू प्रत्येक पिशवीत ती कोंबतेस आणि मी प्रत्येक वेळी काढून टाकतो. ही राहून गेली होती. बुटाला तीन वेढे मारले, वर गाठ. गंमत म्हणजे पुढे त्या पाणी वाहणाऱ्या पायऱ्यांवर, शेवाळात, डाव्या पायापेक्षा हा नाडीचा पायच घट्ट बसत होता.

माथ्यावर धुकं. तटबंदीला हात लावून चाललो, पुढच्याची पाठही दिसेना. विसापूर लोहगडाहून उंच, म्हणून 1818 मध्ये इंग्रजांनी आधी हा घेतला आणि इथून लोहगडावर तोफा रोखल्या, हे तुमचं ऐकून पाठ झालेलं मी त्यांना सांगितलं. ‘लोहगड कुठाय?’ विचारल्यावर मात्र पांढऱ्या धुक्याकडे बोट दाखवावं लागलं. 2025 मध्ये तो युनेस्कोच्या यादीत गेला. विसापूर बिचारा समोर उभा असून राहिला.

पडलो ते उतरताना. टाच रोवायला गेलो आणि सरळ बसलो, तसाच दहा-बारा फूट खाली. कणसं भाजणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘टाच नको दादा, पाऊल आडवं टाका, गुडघं जरा वाकवून.’ बाबा, हेच तुम्ही तेव्हा सांगत होतात आणि मी पुढे पळत होतो. तुमचं गुडघ्याचं आता कसं आहे? ‘बरं आहे’ एवढंच लिहू नका. जिना किती वेळा चढता ते लिहा.

कोपर खरचटलंय, हळद लावली. पँट तीन पाण्यातून काढली तरी बादली लालच.

बुटांचं काय करू? कोपऱ्यावरचा चांभार नवा तळ शिवून देतो म्हणतोय. टाकून द्यायला सांगू नका. नाडी धुऊन वाळत घातली आहे.

तुमचा,
बाळू