मासा आणि नळ

निशिकासाई, तोक्यो
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मिने,

आठ महिने पत्र नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते अंगठे. त्याबद्दलच्या शिव्या आधी घालून घे. मी थांबते.

झाल्या? बरं. इकडे सगळे ठीक. माझं मनगट दुखतंय, त्याचं कारण पुढे येईलच.

आता मुद्द्याचं. मी तुला विकलंय. 3 प्रती, प्रत्येकी 15,000 येन. रागावून पत्र ठेवून देऊ नकोस, कारण खरी गोष्ट अजून सांगितलेलीच नाही.

हॉस्टेलच्या जिन्यातला तो फोटो आठवतो? खाली पसरलेला पेपर, मान तिरकी, तू उवांची फणी फिरवतेयस, दातात काळं रबर, आणि माझ्याकडे अशी बघतेयस की कॅमेऱ्यासकट जिन्यावरून ढकलून देशील. (त्या उवा कुणामुळे आल्या यावर मी आजही काही बोलणार नाही. बंडीमुळे आल्या.) त्या फोटोचा मी लाकडी ठसा कोरला. दर शनिवारी इथल्या एका सेन्सेईंकडे छापाचित्रं शिकायला जाते, हे तुला सांगितलं होतं. नसेल सांगितलं तर ती शिवीही वरच्यात धर.

झालं असं की सेन्सेईंनी सगळ्यांना एकच काम दिलं. जुनं एक बिजिन-गा, म्हणजे सुंदर बाईचं चित्र, निवडायचं आणि ते आजचं करायचं. आमच्यातल्या एकीनं उतामारोच्या, म्हणजे अठराव्या शतकातल्या बिजिन-गावाल्या चित्रकाराच्या, बाईच्या हातात मोबाइल दिला. एकानं मास्क लावला, एकानं कॉफीचा कागदी कप. मला लगेच तुझा चेहरा दिसला, नाक वाकडं करून म्हणणारा, "वस्तू बदलली, बाई तीच." आणि खरंच, हे उद्योग कधीच करून झालेत. कोबायाकावा कियोशीनं 1930 मध्येच बॉबकट केलेली, सिगारेट आणि कॉकटेलवाली बाई छापली, नाव काय तर 'किंचित चढलेली'. पण तिच्या त्या तारवटलेल्या डोळ्यांत एक 'मग काय म्हणणं आहे?' आहे, म्हणून ती अजून जिवंत वाटते. मासामी तेराओकानं 1970 च्या दशकात किमोनोवालीला मॅकडोनाल्डचा हॅम्बर्गर खायला लावला, पुढे एड्सची साथ आली तेव्हा तिच्या हातात निरोधचं पाकीट दिलं. तिथे वस्तू नुसती शोभेला आलेली नाही, बाईच्या आयुष्यात घुसलीय. मोबाइलवालीला मी हे बोलले नाही. तिनं त्या दिवशी सगळ्यांसाठी दाइफुकु, म्हणजे इथली तांदळाची गोड मिठाई, आणली होती.

मी घेतली हाशिगुची गोयोची केस विंचरणारी, 1920 ची. कमरेखाली जाणारे केस, मागे अभ्रकाची रुपेरी चमक, आणि बाईची नजर कुठेच नाही. नजरच नाही म्हण ना. इतकं सुंदर काम आहे की राग येतो. तो पुढच्याच वर्षी गेला, अवघा 40 वर्षांचा. तिच्या हातात कंगवा आहे. मी म्हटलं, आपल्याकडे फणी आहे.

केसांनी माझा जीव काढला, मिने. चित्र पातळ कागदावर काढून फळीवर उलटं चिकटवायचं, बोटानं चोळून कागदाचे पापुद्रे काढायचे, म्हणजे रेघ तेवढी लाकडावर उरते. मग कोरायचं. पण केस कोरायचाच नसतो, दोन केसांमधली जागा कोरायची. केस आपोआप उरतो, उरला तर. कानशिलाजवळ, जिथे ते कपाळातून फुटतात, तिथे एका मिलिमीटरात दोन बसवताना मी श्वास धरून बसायचे. जुन्या काळी चेहरा आणि केस सगळ्यात मुरलेल्या कारागिराकडे असत, किमोनोची नक्षी शिकाऊ पोरांकडे. माझ्याकडे दोन्ही मीच. रंगांच्या फळ्या स्वस्तातल्या प्लायवर भागवल्या, केसांसाठी मात्र चेरीचंच लाकूड घेतलं. ते मनगट तिथे गेलं.

आणि आता खरी गोष्ट. पहिल्यांदा मी तुझी नजर खाली वळवली. त्या फोटोतली तू कोरायचा धीर झाला नाही. खाली बघणारी, शांत, फणीत हरवलेली. चाचणीचा छाप काढला, इतका देखणा आला की सेन्सेईंनी मान डोलावली. मी घरी आणून स्वयंपाकघरात लावला. चार दिवस भाजी चिरताना बघत होते. मिने, ती तू नव्हतीसच. तुझ्या केसांची कुणीतरी भलतीच बाई होती. मग डोळ्याएवढं लाकूड खोदून काढलं, त्यात चेरीचाच तुकडा ठोकून बसवला (उमेकी म्हणतात, आपला सुतार ठिगळ म्हणेल) आणि डोळा पुन्हा कोरला. माझ्याकडे बघणारा. सेन्सेई छाप बघून म्हणाले, "कोवाई." म्हणजे भीती वाटते. दातातलं रबर बघून ते मला ऊएमुरा शोएनचं 1918 चं 'ज्वाळा' दाखवायला घेऊन बसले. त्यात मत्सरानं जळणारी बाई स्वतःच्याच केसांची बट दातात धरून मागे वळलीय. मी म्हटलं सर, हिला मत्सर नाही, हिला आंघोळीला उशीर होतोय, पाणी 7 वाजता जातं.

नावाचं सांगायचं राहिलं. उतामारोच्या काळी असाकुसाच्या चहाच्या दुकानात ओकिता नावाची मुलगी होती. त्यानं तिची चित्रं काढली, आणि तिला बघायला दुकानात झुंबड उडायला लागली. मग 1793 मध्ये सरकारनं फतवा काढला की गणिका सोडून कुणाही बाईचं नाव चित्रावर घालायचं नाही. उतामारोनं काय केलं, तर कोपऱ्यात चित्रकोडं घातलं: भाजीच्या दोन जुड्या, बाण, समुद्र, भाताचं खाचर. त्यांच्या भाषेत वाचलं की 'नानिवाया ओकिता', दुकानासकट. 1796 मध्ये कोड्यांवरही बंदी आली. हे वाचलं तेव्हा उतामारोच्या हुशारीवर मी खूश झाले होते, आणि त्याच खुशीत तुझ्या चित्राच्या कोपऱ्यात मासा आणि त्यावर ठिबकणारा नळ कोरला. मीन-नळ. 'ल'चा 'ळ' झाला, चालवून घे. सेन्सेईंनी विचारलं, हे सुशीच्या दुकानाचं चिन्ह का?

छाप विकला गेला त्या रात्री मला झोप नाही. नाव लपवलं म्हणजे विचारलं असं होत नाही ना गं. ओकिताला तरी कुणी विचारलं होतं? आणि मला तिसऱ्या वर्षीची भिंत आठवली. मी तुझं झोपेतलं रेखाचित्र वार्षिक प्रदर्शनात लावलं होतं, तू ते सगळ्यांसमोर उतरवलंस आणि म्हणालीस, "झोपेत हो म्हटलं का मी?" पुढे 19 दिवस अबोला. मी तेव्हा चित्र चांगलं झालंय, चित्र चांगलं झालंय, हेच घोकत होते. (झालं होतंच. पण ते असो.) इतक्या वर्षांनी मी तेच केलंय, फक्त यावेळी तू जागी आहेस आणि कॅमेऱ्याकडे बघून स्पष्ट 'नाही' म्हणतेयस. आणि मी ते 'नाही' केसागणिक कोरून विकलंय. लोक काय बघतात माहितीये? एक बाई छापासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "ही मैत्रीण ना तुमची? अनोळखी माणसाकडे असं कुणी बघत नाही." मला तिथेच रडू आलं, आणि नेमका त्याच क्षणी नवऱ्यानं फोन करून विचारलं की हिंगाची डबी कुठे आहे.

आता वसंतातलं प्रदर्शन भरवणाऱ्यांना त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर तूच हवी आहेस. मी उत्तर दिलेलं नाही. 25 तारखेपर्यंत द्यायचंय. तू नको म्हणालीस तर नको, आणि उरलेल्या प्रतीही बाहेर काढणार नाही. गेलेल्या तिघी परत आणता येत नाहीत, त्याचं काय करायचं ते तू ठरव. पैशांचा अर्धा वाटा तुझा, हे लाच म्हणून लिहीत नाहीये. थोडं लाच म्हणूनच लिहितेय.

काकूंचा गुडघा कसा आहे? एलिमेंटरीला यंदा किती पोरं बसवलीस? नवीन घराचं रजिस्ट्रेशन झालं का? सगळं लिही, मी नीट विचारत नाही म्हणून सोडून देऊ नकोस.

सोबतच्या नळकांड्यात पहिली प्रत आहे. हात पुसून उघड, अभ्रक बोटांना लागतं. आणि ती फणी अजून असेल तर दात मोजून कळव. मी अंदाजानं कोरलेत.

तुझीच,
जिन्यावरची